तुर्तुक

भारताच्या लडाख केंद्रशासित प्रदेशातील, नियंत्रण रेषेजवळचे बाल्टी वस्तीचे गाव. लेहच्या उत्तरेस सु. २०० किमी., काराकोरमच्या कुशीत श्योक नदीकाठी वसलेले, उंची सु. २,९०० मी. श्योकला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या दोन अंगांना यूल व फारोल या जुन्या वस्त्या आहेत.

गावावर पूर्वी बाल्टिस्तानातील (आता पाकिस्तानच्या ताब्यात) खपलू येथील यबगो घराण्याचा अंमल होता. घराण्याचा मूळ पुरुष बेग मंथल मध्य आशियातील यारकंदहून आला, अशी परंपरा आहे. त्याचा काळ नववे शतक सांगतात; पण तो वंशावळीवरून काढलेला असल्याने जपूनच घ्यावा. ‘यबगो’ ही पदवी मात्र फार जुनी. कुशाण राजा कुजुल कडफिसेस (इ.स. पहिले शतक) याच्या नाण्यांवर खरोष्ठी लिपीत ‘यवुग’ असे येते, चिनी बखरींतील ‘शीहौ’ हे त्याचेच रूप समजतात. तुर्की राज्यांत खाकानाच्या (सम्राटाच्या) खालोखालचा अधिकारी ‘यबगू’ म्हणवला जाई. काही अभ्यासक ही पदवी मुळात तुर्की मानतात. तथापि कुशाण उल्लेख कित्येक शतके आधीचा असल्याने तुर्कांनी ती इतरांकडून उचलली, हे मत अधिक पटते. अर्थात पदवीवरून घराण्याचा वंश ठरत नाही.

१८४० मध्ये सेनापती जोरावरसिंगाच्या स्वारीने बाल्टिस्तान जम्मूच्या डोग्रा राज्यकर्त्यांकडे गेले. १९४९ च्या युद्धबंदी रेषेने तुर्तुक पाकिस्तानच्या बाजूला राहिले. डिसेंबर १९७१ मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने चालुंका, तुर्तुक, त्याक्षी व थांग ही गावे घेतली. या मोहिमेसाठी रिंचेन यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. त्या वेळी कामानिमित्त पाकिस्तानच्या बाजूला गेलेली गावातली माणसे तिकडेच अडकली. कित्येक घरांतील नवरा-बायको, बाप-लेक दुरावले ते कायमचेच.

यबगोंच्या जुन्या वाड्यात आता छोटे संग्रहालय आहे. फारोलमधील लाकडी कोरीवकामाची मशीद जुनी आहे. ती सोळाव्या शतकातील असल्याचे सांगतात. गावकरी बहुतांशी नूरबख्शी या सूफी पंथाचे मुसलमान आहेत. जर्दाळू आणि कुट्टू (बकव्हीट) ही येथील मुख्य पिके.

विशेष पाहण्याजोगे आहे ते ‘नांगचुंग’: दगडांच्या राशीत रचलेली ठेंगणी शीतकोठी. आत वाकून शिरावे लागते. भिंतीतील सांदींतून गार वारा सतत वाहतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही लोणी व मांस टिकते. गाव २०१० पासून पर्यटकांना खुले आहे.