द बॉडी (‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ मालिकेतील भाग)

‘द बॉडी’ हा ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकी भयमालिकेच्या पाचव्या पर्वातील सोळावा भाग. २७ फेब्रुवारी २००१ रोजी ‘द डब्ल्यूबी’ या वाहिनीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन आणि दिग्दर्शन मालिकेचे जनक जॉस व्हीडन यांचे. नायिका बफी समर्स घरी येते, तेव्हा तिची आई जॉइस दिवाणखान्यातल्या सोफ्यावर मरून पडलेली असते. तिथपासून शवागारापर्यंतचे काही तास एवढाच या भागाचा पट आहे.

मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वे चालली आणि तिचे १४४ भाग झाले. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावात पिशाच्चे, राक्षस, चेटूक यांचा रोजचा सुळसुळाट, आणि त्यांना निपटून काढणारी तरुण मुलगी हा तिचा साचा. त्यात शाळा-कॉलेजातली थट्टामस्करी आणि घरातली भांडणे सारख्याच प्रमाणात मिसळलेली असत. अशा मालिकेत मरण नवीन नाही, दर आठवड्याला कोणी ना कोणी मरतेच. ‘द बॉडी’चे वेगळेपण असे की जॉइसला कोणी मारलेले नाही. तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. जिच्यावर सूड उगवता येईल अशी व्यक्ती नाही आणि उलटवता येईल असा मंत्रही नाही. नायिकेची सगळी ताकद पहिल्या पाच मिनिटांतच निरुपयोगी ठरते.

पार्श्वभूमी

पाचव्या पर्वाच्या पूर्वार्धात जॉइसच्या मेंदूत गाठ सापडते, दहाव्या भागात शस्त्रक्रिया होते आणि ती बरी होते. प्रेक्षक निर्धास्त होतो. पंधराव्या भागात तर ती नव्या ओळखीच्या एका माणसाबरोबर जेवायला जाऊन येते. त्याने पाठवलेली फुले घरात ठेवलेली आहेत. ती पाहून बफी आईला चिडवायला हाक मारते आणि सोफ्याकडे वळते. तो भाग तिथेच संपतो.

कुटुंबाची घडण माहीत असली तरच पुढचे नीट उमगते. वडील हँक घटस्फोटानंतर दूर गेलेले आहेत. धाकटी बहीण डॉन ही खरे तर एका गूढ शक्तीला दिलेले मानवी रूप आहे. सगळ्यांच्या आठवणी बदलून तिला या घरात आणलेले असते, आणि हे तिला स्वतःला नुकतेच कळलेले असते. ‘मी या घरची आहे का?’ या प्रश्नाशी झगडणाऱ्या मुलीची आई आता जाते. बफीचा मार्गदर्शक रूपर्ट जाइल्स, मैत्रीण विलो, तिची जोडीदार टारा, मित्र झँडर आणि त्याची प्रेयसी अॅन्या हे बाकीचे गणगोत.

व्हीडन यांच्या आईचा मृत्यूही मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या अशाच विकाराने झाला होता. प्रियजन गेल्यावरचे पहिले काही तास जसे बधिर, रटाळ आणि शारीरिक असतात तसेच ते दाखवायचे, त्यातून बोध किंवा दिलासा काढायचा नाही, ही आपली भूमिका त्यांनी डीव्हीडीवरच्या निवेदनात मांडली आहे.

रचना

भागाचे चार अंक आहेत. जाहिरातींच्या विश्रांतीमुळे अमेरिकी मालिकांचे असे तुकडे पडतच, पण इथे प्रत्येक अंक जॉइसच्या निष्प्राण चेहऱ्यावर उघडतो. पहिल्यात ती सोफ्यावर, दुसऱ्यात तिच्यावर प्रेतपिशवीची चेन ओढली जाते, तिसऱ्यात ती शवविच्छेदनाच्या टेबलावर, चौथ्यात काम आटोपलेले डॉक्टर तिच्यावर चादर घालतात. मृतदेहाची ही भूमिका जॉइस साकारणाऱ्या क्रिस्टीन सदरलँड यांनी स्वतःच निभावली. डोळे उघडे ठेवून, पापणी न लववता, श्वास न दिसू देता कॅमेऱ्यासमोर पडून राहायचे, हेच त्यांचे काम होते.

शीर्षकानंतर लगेच मृतदेह दिसत नाही. आधी नाताळच्या जेवणाचा एक जुना, हसतखेळता प्रसंग येतो, आणि त्यामागे एक साधी व्यावहारिक अडचण आहे. शीर्षकगीतानंतरच्या पहिल्या मिनिटांत पाहुण्या कलाकारांची आणि तंत्रज्ञांची नावे पडद्यावर यावी लागतात. आई मेल्याचे लक्षात येत असताना खाली नावे सरकत राहिली असती तर प्रसंगाचा कणाच मोडला असता. म्हणून नावांसाठी ही मेजवानी रचली गेली. सांताक्लॉज खराच आहे, फक्त तो भेटी आणत नाही, मुलांची आतडी काढतो, असे हजार वर्षे राक्षसीण म्हणून जगलेली अॅन्या सहज सांगून जाते. स्वयंपाकघरात करपलेल्या ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थावरून मायलेकींची चेष्टा चालू असते, तो पदार्थ हातातून निसटून खाली पडतो, आणि त्याच क्षणी जॉइसचा पांढराफटक चेहरा येतो. तांत्रिक गरजेतून आलेला हा प्रसंग कुटुंबाचे अखेरचे सुख ठरतो. इतकी चोख सोय टीव्हीवर क्वचितच पाहायला मिळते.

ध्वनी

शीर्षकगीत सोडले तर संपूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. भयपटात संगीत दोन कामे करते. धोका जवळ आल्याची वर्दी देते आणि धक्का ओसरल्यावर प्रेक्षकाला सुटकेचा श्वास घेऊ देते. शोकप्रसंगात ते कधी रडायचे तेही सांगते. हे तिन्ही आधार काढून घेतल्यावर उरतात ते घरातले आवाज: फोनची बटणे, जमिनीवर घासलेला बूट, प्रेतपिशवीची चेन. रुग्णवाहिका निघून गेल्यावर बफी मागचे दार उघडते, तेव्हा बाहेरून किणकिणाट, वारा, खेळणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येतो. जगाचे रहाटगाडगे चालूच आहे हे कळायला तेवढे पुरते. मृत्यूच्या प्रसंगी एकाच चेहऱ्यावर तीनदा झूम आणि ढोलाचा ठोका ऐकण्याची ज्यांना आपल्याकडच्या मालिकांनी सवय लावली आहे, त्यांना ही शांतता सुरुवातीला असह्य वाटते.

नुसते संगीत काढले की हा परिणाम साधत नाही, आणि नंतरच्या अनुकरणांमध्ये बहुधा इथेच गाडी अडते. संगीत काढल्यावर दृश्याची लय संवादांच्या अंतरावर आणि खोलीतल्या बारीक आवाजांवर तोलावी लागते. त्यासाठी दृश्ये लांब ठेवावी लागतात, नटांना गप्प राहू द्यावे लागते. नेहमीच्याच वेगाने कापलेल्या दृश्यातून संगीत वगळले तर ते फक्त अर्धवट वाटते.

पहिला अंक

बफी आईला हलवते, आपत्कालीन सेवेला फोन लावते, आणि हातात धरलेला कॅमेरा न तुटता तिच्या मागे फिरत राहतो. फोनवरची बाई छाती दाबून श्वास द्यायला सांगते. बफीच्या अंगी अमानवी बळ आहे. ती दाबते आणि आईची बरगडी कडकन मोडते. राक्षसांना लोळवणारे तेच हात इथे इजा करतात. याहून क्रूर आणि नेमका तपशील या मालिकेत दुसरा सापडणार नाही.

वैद्यकीय पथक येते. मध्येच जॉइस श्वास घेते, दवाखान्यात हसते, वेळेवर सापडल्याबद्दल लेकीचे कौतुक करते, आणि हे सगळे बफीच्या मनातले होते हे पुढच्याच क्षणी कळते. मृत्यूची बातमी सांगणाऱ्या पथकप्रमुखाचा चेहरा चौकटीत पुरता बसवलेलाच नाही. फक्त तोंड, खांदा, हलणारे ओठ दिसतात. बातमी ऐकणाऱ्याला समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, ही गोष्ट कॅमेऱ्याने पकडली आहे. पथकाला दुसरा फोन येतो आणि ते निघून जातात. बफी ओकते, मग त्यावर कागदी टॉवेल पसरते. तो ओला होत जाताना कॅमेरा तिथेच थांबतो. पुढे जाइल्स धावत येऊन जॉइसला उठवू पाहतो, तेव्हा बफीच्या तोंडून निघते की ‘बॉडी’ हलवायची नाही असे सांगितले आहे. आपण आईला काय म्हणालो हे लक्षात येऊन ती जागीच थिजते. भागाचे नाव या क्षणातून आले आहे.

दुसरा आणि तिसरा अंक: विनोद कुठे बसतो

दुसरा अंक शाळेच्या स्वच्छतागृहात रडणाऱ्या डॉनपासून सुरू होतो. तिला कळले असावे असे आपण धरून चालतो, पण ती रडते आहे एका मुलाने चिडवले म्हणून. हसू येते आणि लगेच पोटात गोळा येतो, कारण खरी बातमी अजून यायची आहे. चित्रकलेच्या तासाला वस्तू न काढता तिच्याभोवतीची मोकळी जागा रेखाटायचा अभ्यास चालू आहे. बफी येते, बहिणीला बाहेर नेते, आणि आपण काचेच्या या बाजूला वर्गासोबत राहतो. शब्द ऐकू येत नाहीत, फक्त डॉन कोसळताना दिसते. संवाद वगळल्यामुळे इथला आघात दुणावतो, शिवाय वर्गातल्या परक्या मुलांची अवघडलेली नजर आपल्याही वाट्याला येते.

तिसऱ्या अंकात बफी मुळीच नाही. विलोला कोणता सदरा घालावा हे ठरत नाही. एक फार पोरकट, दुसरा फार भारी, तिसरा सापडत नाही. सांत्वनाला जायचे कपडे या फुटकळ प्रश्नावर तिचे सगळे दुःख येऊन अडकते. टारा तिला जवळ घेते, आणि या जोडीचे पडद्यावरचे पहिले चुंबन याच प्रसंगात आहे. वाहिनीने त्यावर आक्षेप घेतला होता, व्हीडन मागे हटले नाहीत. हे चुंबन जाहिरातीत मिरवायचे सवंग आकर्षण न होता दिलासा म्हणून आले, हे महत्त्वाचे.

अॅन्या नको ते प्रश्न विचारते: बॉडी बघायला मिळेल का, ती कापणार का? विलो भडकते. मग अॅन्याचा बांध फुटतो. माणसाचा देह धारण करून तिला फार काळ झालेला नाही आणि मरण म्हणजे काय हे तिला कोणी सांगत नाही. जॉइस परत देहात का जाऊ शकत नाही, ती यापुढे कधी खाणार नाही, केस विंचरणार नाही, हे तिच्या आकलनापलीकडचे आहे. अॅन्या साकारणाऱ्या एमा कॉलफिल्ड यांचे हे छोटे स्वगत भागाचा गाभा मानले जाते, आणि ते रास्तच आहे. तिसऱ्या पर्वापासून विनोदासाठी वापरलेला तिचा भाबडेपणा बदललेला नाही, फक्त त्याचा विषय बदलला आहे. इकडे झँडर रागाने भिंतीत मूठ घालतो आणि हात अडकून बसतो. खाली त्याने वाटेल तशी लावलेल्या गाडीवर दंडाची पावती चढते. भयमालिकेत विनोद सहसा भीतीनंतर दम घ्यायला येतो. इथे तो दुःखाच्या आतूनच उगवतो, म्हणून दम मिळत नाही.

चौथा अंक: भीती

शवागाराबाहेर डॉक्टर सांगतात की सारे अचानक झाले, वेदना झाल्या नसाव्यात. बफीच्या कानावर मात्र त्यांच्याच आवाजात दुसरे वाक्य पडते: तुला बरे वाटावे म्हणून मला खोटे बोलावे लागते आहे. ओठ आणि आवाज यांची ही किंचित फारकत भागातल्या कोणत्याही राक्षसापेक्षा अधिक दचकवते. बाकड्यावर शेजारी बसलेली टारा आपलीही आई गेल्याचे सांगते. आधीपासून आजारी असूनही ते अचानकच वाटले, एवढेच तिचे म्हणणे.

डॉन आईला पाहण्यासाठी एकटीच आत शिरते आणि दार लावून घेते. मागच्या टेबलावरचे एक प्रेत उठून बसते. ते पिशाच्च झाले आहे. एकाच खोलीत दोन मृतदेह आहेत. नको असलेला उठतो, हवा असलेला उठत नाही. मालिकेचा सगळ्यांत घासलेला प्रसंग इथे अर्थाने भरून येतो. झटापटही नेहमीसारखी नाही. संगीत नाही, चमकदार उड्या नाहीत, वाक्चातुर्य नाही, पिशाच्च पूर्ण विवस्त्र आहे. बफी हाडे कापायच्या करवतीने त्याचे शिर उडवते. या ओढाताणीत जॉइसवरची चादर सरकते. डॉन हात पुढे करते, आणि बोटे गालाला टेकण्याआधीच पडदा काळा होतो.

काही समीक्षकांना पिशाच्चाचा हा प्रवेश खटकतो, तो नसता तर भाग अधिक निर्मळ झाला असता असे त्यांना वाटते. हा आक्षेप पटण्याजोगा नाही. घरात मरण झाले म्हणून नेहमीची कामे थांबत नाहीत आणि बफीचे नेहमीचे काम हेच आहे. शिवाय त्याच्याशिवाय उठणाऱ्या आणि न उठणाऱ्या देहांचा विरोध उभाच राहिला नसता.

स्वीकार आणि पुढचे भाग

‘द बॉडी’ला विज्ञानकथा-अद्भुतकथा क्षेत्रातल्या नेब्युला पुरस्काराच्या पटकथा विभागात नामांकन मिळाले. दूरचित्रवाणीवरच्या उत्तम भागांच्या याद्यांत तो आजही येतो. बफीची भूमिका करणाऱ्या सारा मिशेल गेलर यांच्या कारकिर्दीतले हे सर्वोत्तम काम असे अनेक समीक्षक मानतात. डॉनची भूमिका करणाऱ्या मिशेल ट्रॅक्टेनबर्ग यांचे २६ फेब्रुवारी २०२५ रोजी वयाच्या ३९व्या वर्षी निधन झाले, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा आठवला तो शाळेच्या काचेआडचा प्रसंग. दिलासा द्यायचा नाही असे ठरवून केलेल्या या भागाने आपल्याला दुःखातून सावरायला मदत केली असे प्रेक्षकांनी कळवले, याचे खुद्द व्हीडन यांनाही आश्चर्य वाटले होते.

पुढचा भाग ‘फॉरएव्हर’ १७ एप्रिल २००१ रोजी आला. त्यात डॉन जादूने आईला परत बोलावू पाहते. दारावर थाप पडते, पण दार उघडण्याआधी डॉन स्वतःच मंत्राचा आधार असलेला फोटो फाडते. ‘द बॉडी’ सुटा पाहिला तरी समजतो. पूर्ण परिणाम हवा असेल तर पाचव्या पर्वातले नववा, दहावा, तेरावा आणि पंधरावा हे भाग आधी पाहावेत: पहिल्या दोहोंत जॉइसचे आजारपण आहे, तेराव्यात डॉनचे रहस्य उघड होते आणि पंधराव्याच्या शेवटी सोफ्यावरची ती पहिली झलक आहे. ‘फॉरएव्हर’ लगेच त्याच बैठकीत लावू नये, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा.