कुलपाच्या आधी चोर येतो

कुलूप हा शब्द मूळचा अरबी. तिकडे कुफ्ल, फारसी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचं कुल्फ झालं आणि आपल्याकडे येईपर्यंत कुलूप. चावी पोर्तुगीजांची, त्यांच्या ‘चावे’वरून आलेली. किल्ली मात्र जवळची, कन्नडमध्ये आजही कीली म्हणतात. म्हणजे कुलूप एकाकडचं, चावी दुसऱ्याकडची, आणि तरी आपल्या दाराला शेकडो वर्षं बरोब्बर लागतंय.

हे सगळं उकरायचं कारण माझा भाचा. सातवीत आहे, भूगोलाचं पुस्तक घेऊन बसला होता, एकदम विचारतो, “मावशी, पनामा कालव्याला लॉक असतं ना, मग त्याची चावी कोणाकडे असते?” मी हसले आणि सांगितलं की अरे ते कुलूप नव्हे, ते पाणी अडवायचं लॉक, पुस्तकी मराठीत जलपाश. इंग्रजीतल्या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी अडवून, कोंडून ठेवणारी गोष्ट असा, मग ते दार असो की पाणी. आपल्याकडे दोघांना वेगळे शब्द, त्यामुळे नातं दिसतच नाही. पण नंतर वाचत गेले तसं कळलं की पोराचा प्रश्न तेवढा बावळट नव्हता, कारण पाण्याच्या लॉकचा जन्मही चोरीच्या त्रासातूनच झालाय.

झालं असं की चीनमधल्या ग्रँड कॅनॉलवरून सरकारी धान्याच्या, म्हणजे करापोटी गोळा केलेल्या धान्याच्या होड्या राजधानीकडे जायच्या. वाटेत पाण्याची पातळी बदलायची तिथे मातीचा उतार केलेला, होडी दोरखंडांनी ओढून वर चढवायची आणि पलीकडे घसरत सोडायची. भरलेली होडी अशी ओढताना तिची हाडं खिळखिळी होणारच, बऱ्याचदा फुटायची, धान्य सांडायचं. आणि सांडलेल्या धान्याचा हिशोब कोण ठेवणार? ओढणारे मजूर आणि आजूबाजूला दबा धरून बसलेले लुटारू यांची मिलीभगत असायची, होडी फुटली की दोघांची चांदी. सन 984 मध्ये चाओ वेइय्वे नावाच्या अधिकाऱ्याने यावर उपाय काढला, कालव्यात साधारण पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दरवाजे बसवले आणि वर चक्क शेडसारखं छप्पर घातलं. होडी आत आली की मागचा दरवाजा बंद, पाणी भरतीसारखं चढू द्यायचं, होडी आपोआप वर, मग पुढचा दरवाजा उघडायचा. ओढाताण नाही, फूटतूट नाही, धान्य जागेवर. जगातलं पहिलं नीट नोंदलेलं दोन दरवाजांचं लॉक ते हेच.

यात पंप नाही, इंजिन नाही, हे मला फार आवडलं. वरचं पाणी आत सोडलं की होडी चढते, आतलं पाणी खाली सोडलं की उतरते, बास. युरोपात पुढे त्यात एकच मोठी सुधारणा झाली ती दरवाजाची. वर उचलायच्या झडपेऐवजी घराच्या दारासारखी दोन दारं, पण सरळ रेषेत न मिटता वरच्या पाण्याकडे टोक करून मिटणारी. पाणी जितकं जोरात ढकलेल तितकी ती एकमेकांवर घट्ट बसतात, कडी नको, अडसर नको. मिलानमध्ये 1490 च्या दशकात लिओनार्दो दा विंचीने अशा दारांचं काम केलं, त्याची रेखाटनंही आहेत, आणि आज पनामात जी अवाढव्य दारं दिसतात त्यांचं तत्त्व तेच. फ्रान्समध्ये रिके नावाच्या माणसाने काढलेला कनाल द्यू मिदी हा कालवा 1666 ते 1681 अशी पंधरा वर्षं खणला गेला, तिथल्या एका लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने आत कोसळल्या म्हणून पुढची लॉकं त्याने लंबगोल बांधली, विहिरीच्या गोल भिंतीसारखी. विहीर बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

पनामाचं सगळ्यांना माहीत असतं, 1914 साली सुरू झाला, जहाज 26 मीटर वर उचलून गाटून तलावात नेतात आणि पलीकडे उतरवतात. पण त्याच 1914 साली आपल्या मुंबईत अलेक्झांड्रा डॉक सुरू झाला, म्हणजे आत्ताचा इंदिरा डॉक, आणि त्याच्या तोंडाशी साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद लॉक आहे हे किती मुंबईकरांना ठाऊक असतं! मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. डॉक उघडा ठेवला तर ओहोटीला पाणी बाहेर जाणार आणि आतली जहाजं तळाला टेकणार. म्हणून आतलं पाणी कोंडून ठेवायचं आणि जहाजाला लॉकमधून आत-बाहेर घ्यायचं, भरतीची वाट बघत खोळंबून राहायला नको. माझे एक काका गोदीत होते, ते ‘लॉकगेट’ म्हणायचे आणि मला लहानपणी वाटायचं की रात्री गोदीला कुलूप लावतात ते. तेव्हा भाच्याला हसायचा मला तसा काही हक्क नाही.

पनामाच्या लॉकची एक गोम आहे, प्रत्येक जहाजामागे साधारण 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, आणि ते येतं पावसाच्या तलावातून. 2016 मध्ये नवी लॉकं झाली, त्यांत बाजूच्या टाक्यांत पाणी साठवून साठेक टक्के परत वापरतात, तरीही 2023 च्या दुष्काळात रोजच्या 36 च्या आसपास जहाजांची संख्या वर्षअखेरीला 22 पर्यंत खाली आणावी लागली. चोर नाही तर दुष्काळ.

असो, आता घरच्या कुलपाकडे.

इजिप्तमध्ये आणि आजच्या इराकमधल्या खोर्साबादच्या राजवाड्यात लाकडी कुलपं होती, आडव्या अडसराला वरून भोकं, भोकांत लाकडी खुंट्या पडलेल्या, आणि चावी म्हणजे हातभर लांबीचा, दात असलेला ब्रश. ती आत घालून वर उचलली की खुंट्या उठतात आणि अडसर सरकतो. आज आपल्या फ्लॅटच्या दाराला जे लॅच असतं त्यात तेच आहे, फक्त खुंट्या पितळेच्या झाल्या आणि खाली ढकलायला स्प्रिंग आली. हे काम अमेरिकेतल्या लायनस येल बापलेकांचं, 1840 ते 1860 च्या दशकांतलं, चपटी खाचाखाचांची चावी मुलाने आणली. आपल्याकडे गडांवर मात्र कुलपापेक्षा अडसरावर भरवसा. भिंतीत खोल पोकळी, त्यातून ओढून आडवा घालायचा जाडजूड लाकडी वासा, कुठल्याही गडाच्या दरवाजामागे ती भोकं अजून दिसतात, हात घालून बघा. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले म्हणून हिरकणी कडा उतरून गेली ही गोष्ट आपण सगळे ऐकत मोठे झालो, आणि गोष्टीतल्या महाराजांनी काय केलं तर तिचं कौतुक केलं आणि लगेच त्या जागी बुरूज बांधला. सिक्युरिटी ऑडिट यालाच म्हणतात.

लंडनमध्ये अशाच एका ऑडिटची मोठी गंमत झाली. जोसेफ ब्रामा याने 1784 साली एका कुलपाचं पेटंट घेतलं आणि पुढे पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून पाटी लावली की जो कोणी हे उघडायचं हत्यार बनवेल त्याला 200 गिनी, म्हणजे तेव्हाची इंग्रजी सोन्याची नाणी. साठेक वर्षं ती पाटी तशीच. दरम्यान 1817 मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, सरकारने नकली चावीने न उघडणारं कुलूप मागवलं, आणि पुढच्याच वर्षी जेरेमाया चबने असं कुलूप आणलं की कोणी खाटखूट केली तर एक लिव्हर, म्हणजे चावीने उचलली जाणारी आतली पट्टी, जास्त उचलला जाऊन अडकायचा आणि मालकाची चावीसुद्धा फिरायची नाही. म्हणजे मालकाला लगेच कळणार की कोणीतरी येऊन गेलंय. दोन्ही कुलपांवर अख्ख्या इंग्लंडचा आंधळा विश्वास. मग 1851 साली क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनाला अमेरिकेहून हॉब्स नावाचा कुलपांचा सेल्समन आला, त्याने चबचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं, तेही अडकणाऱ्या लिव्हरचीच मदत घेऊन, आणि ब्रामाच्या कुलपाला 16 दिवसांत मिळून 51 तास लावले पण उघडलं. पेपरांत गहजब. काही जण म्हणाले असं उघड उघड दाखवू नये, चोर शिकतील. हॉब्सच्या बाजूचे म्हणाले चोरांना आधीच येतं हो, माहीत नसतं ते तुम्हाला. आज बँकेच्या ॲपमधली गडबड जाहीर करावी की नाही यावर जे वाद होतात ते शब्दाला शब्द हेच आहेत.

आपल्याकडचं कुलूप म्हटलं की अलीगढ, तिथे 1870 मध्ये जॉन्सन कंपनी इंग्लंडहून कुलपं आणून विकायची, 1890 पासून तिथेच बनवायला लागली, आणि कारागीर शिकत गेले तसं गाव कुलपांचंच झालं. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या हातबनावटीच्या कुलपांना 2019 मध्ये जीआय, म्हणजे त्या जागेच्या नावाची सरकारी ओळख, मिळाला. पण आपल्या जवळची गोष्ट लालबागची. आर्देशिर गोदरेज वकिली सोडून आले, आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली, ती घेणाऱ्या इंग्रज कंपनीला त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता आणि यांना तो हवाच होता, तिथे फिसकटलं. मग मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून 1897 साली त्यांनी लालबागला एका शेडमध्ये कुलपं सुरू केली. (बघा, इथेही आधी चोरच.) स्प्रिंग तुटली की कुलूप मेलं, म्हणून बिनस्प्रिंगचं कुलूप काढलं, पुढे तिजोऱ्या. 1944 च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला त्यात गोदरेजच्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत राहिले असं तेव्हापासून सांगतात. आणि 1950 च्या दशकात आलं ते नवताल, जे आमच्या गावच्या घराला अजून आहे.

त्या नवतालची एक चावी मागच्या पावसाळ्यात हरवली. दुसरी पुण्यात, आम्ही दारात, बॅगा भिजतायत. बाजारातून चावीवाला आणला, सायकलला पेटी आणि भलामोठा जुडगा लावलेला. मला वाटलं तो कुलूप तोडणार. त्याने एक कोरी चावी काढली, मेणबत्तीवर धरून काळी केली, कुलपात घालून जरा पीळ दिला आणि बाहेर काढून चष्म्याजवळ नेली. काजळीवर बारीक घासल्याच्या खुणा, जिथे लिव्हर टेकला तिथे. तेवढ्याच जागी कानस दोनदा, परत काजळी, परत आत. आतले लिव्हर प्रत्येकी ठरलेल्या उंचीला उचलले गेले तरच त्यांच्या खिडक्या एका रेषेत येतात आणि बोल्ट सरकतो, कमी उचलला तरी नाही आणि जास्त उचलला तरी नाही. वीसेक मिनिटांत खट्ट. हॉब्सपेक्षा पाच मिनिटं कमी, आणि घेतले दीडशे रुपये. जाताना रागावून गेला, “खोबरेल घातलं ना यात? तेल घातलं की धूळ चिकटते ताई. पेन्सिलचं शिसं कुटून घाला, बोटभर.” सासूबाई तीस वर्षं खोबरेलच घालत होत्या, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

टाळं हा शब्द आपण एवढ्या प्रेमाने वापरत नाही. टाळं ठोकतात ते बँकवाले नाहीतर मालक. 2020 मध्ये लॉकडाऊनला टाळेबंदी शब्द आला तेव्हा गिरणगावातल्या जुन्या लोकांना तो ओळखीचाच होता, त्यांच्यासाठी टाळेबंदी म्हणजे मालकाने गेट बंद करणं. ज्या लालबागला कुलपं बनायची तिथेच हा शब्द घराघरात कळायचा.

आणि मग प्रेमाची कुलपं. हंगेरीतल्या पेच गावात 1980 च्या दशकातच एका कुंपणावर ती लागायला लागली होती, चीनमध्ये हुआंगशान डोंगरावर साखळीला कुलूप लावून चावी दरीत टाकतात. पण जगभर साथ पसरली ती 2006 नंतर, एका लोकप्रिय इटालियन कादंबरीतल्या जोडप्याने रोमच्या मिल्व्हियो पुलावरच्या दिव्याच्या खांबाला कुलूप लावलं आणि वाचकांनी तो खांबच वाकवला. पॅरिसच्या पॉं दे झार या पायपुलावर 2008 पासून लोक कुलपं लावायचे आणि चावी सीन नदीत. एक कुलूप म्हणजे काय, शंभर-दीडशे ग्रॅम. पण जून 2014 मध्ये कठड्याचा एक तुकडा वजनाने कोसळला, नशिबाने कोणाला लागलं नाही, आणि पुढच्या जूनमध्ये नगरपालिकेने सगळं उतरवलं, 45 टन कुलपं. आता तिथे काचा आहेत. 2017 मध्ये त्यातल्या काहींचा लिलाव करून पैसे निर्वासितांच्या मदतीला दिले. मला विचाराल तर चोर नसलेलं हे पहिलंच कुलूप, ते कोणाला बाहेर ठेवत नाही की आत कोंडत नाही, आणि बहुतेक म्हणूनच त्याचं काय करायचं ते कोणाला कळेना.

कानपूरच्या बंगाली मोहालमध्ये कालीमातेचं एक मंदिर आहे तिथे हाच प्रकार बराच शहाणपणाने करतात. नवस बोलून कुलूप लावायचं, चावी घरी न्यायची, आणि इच्छा पुरी झाली की येऊन तेच कुलूप उघडायचं. म्हणजे वजन वाढतं तसं कमीही होतं. फक्त नवस फळायला दोन-तीन पावसाळे लागले तर जाताना चावीबरोबर पेन्सिलचं शिसंही कुटून न्यावं.