विलीजच्या पोटात ट्रॅक्टर: सीमाभागातल्या जुन्या जीपांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुनी जीप विकायला निघाली की दोन शब्द हमखास कानावर येतात: 'विलीज' आणि 'ओरिजिनल'. पहिला शब्द बहुधा अर्धाच खरा असतो, आणि दुसरा बॉनेट उघडेपर्यंतच टिकतो. आत डिझेल इंजिन बसलेले असते. जुन्या गाड्यांच्या 'व्हिंटेज' नोंदणीवरून हौशी मंडळींत जी धुसफूस चालते, तिचे मूळ या बॉनेटखाली आहे.

फार मागे जायची गरज नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज एमबी आणि तिची फोर्डच्या कारखान्यात बनलेली जुळी बहीण जीपीडब्ल्यू अशा मिळून सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. त्यातल्या काही युद्धाबरोबर हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच विकल्या गेल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत महिंद्र कंपनीने सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये विलीजने सीजे-३बी हे मॉडेल काढले. नव्या इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेट उचलावे लागले. आपल्याकडची 'लो बॉनेट' आणि 'हाय बॉनेट' ही जात तिथून पडली. पुढे कितीतरी वर्षे इथल्या कारखान्यातून हाय बॉनेटच बाहेर पडत राहिली. म्हणजे तिला विलीज म्हणणे अगदीच खोटे नाही, नकाशा विलीजचाच. पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या 'लो बॉनेट'पैकी बऱ्याच गाड्यांची बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीकडे ठोकलेली असते. पत्र्याला कान लावला तरी कळते.

या गाड्या आपल्याच भागात एवढ्या का रुजल्या? बेळगावचा कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, हे एक कारण. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यावरच्या कारवाईसाठी फौजेची जमवाजमव बेळगाव परिसरात झाली आणि एक तुकडी अनमोड घाटाच्या वाटेने खाली गोव्यात उतरली. त्यानंतरच्या पिढीला लष्करी गाडी म्हणजे नवलाची वस्तू राहिली नाही. गल्लीगणिक एखादा माजी सैनिक, त्यातला कोणीतरी फौजेत ड्रायव्हर नाहीतर फिटर असलेला. दुसरे कारण पावसाचे. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूला जून ते सप्टेंबर लाल मातीचा जो काला होतो, त्यात मागच्या दोन चाकांचे काम नाही. पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढावाच लागतो.

जबलपूरहून आलेल्या तीन गाड्या या पट्ट्यात आजही नावाने ओळखल्या जातात. जर्मन परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक, निसानचा वन टन, आणि निसानच्या 'पॅट्रोल' या गाडीवरून घेतलेली जोंगा. जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडा कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जोंगा' हे नाव पडले, असे सांगितले जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९९ पर्यंत ती बनत होती. जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, आणि भूकही तशीच. लिटरला चार-पाच किलोमीटर गेली तर मालक खूश. फौजेला तेलाचा हिशेब वेगळा होता. डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेने मोडीत काढलेल्या गाड्यांच्या, लिलावातून तीच गाडी शेतकऱ्याच्या किंवा खडीवाल्याच्या दारात आली, तेव्हा पहिला प्रश्न तेलाचाच उभा राहिला.

१९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले होते. पेट्रोल आणि डिझेलच्या दरातली दरी पुढे बरीच वर्षे मोठी राहिली. पेट्रोल जीप पाळणे म्हणजे हत्ती पाळण्यासारखे झाले. इथे उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीचे महत्त्व येते. बेळगावात फाउंड्री होत्या, लेथ होते, हायड्रॉलिक्सची बारीक कामे करणारे हात होते. जुन्या गिअरबॉक्सला नवे इंजिन जोडायचे तर मधली अडॅप्टर प्लेट लागते, फ्लायव्हील जमवावे लागते, इंजिनाचे पाय नव्या जागी वेल्ड करावे लागतात. डिझेलचे वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा. हे सगळे इथल्या इथे होत असे. कोणी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंजिन बसवले, कोणी प्यूजो, कोणी मॅटाडोरचे, जोंगात तर टाटा ४०७ चे. ट्रॅक्टरचे इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देणारे आणि जीपच्या मागच्या धुरीचा गिअर रेशो ५.३८ (चाकाच्या एका फेरीला दांड्याच्या ५.३८ फेऱ्या), त्यामुळे साठ-सत्तरच्या पुढे गाडी नुसती ओरडते. पण चोर्ला घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये काय खेचते, ते तिच्यात बसलेल्यालाच ठाऊक.

हे काही गल्लीतल्या मिस्त्रीचे खूळ नव्हते. खुद्द महिंद्र कंपनीनेही ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये घातले, आणि १९८० च्या दशकात एमएम ५४० मध्ये २,११२ सीसीचे प्यूजो आणले. कंपनीने केले ते नवे मॉडेल, उद्यमबागेत झाले तो फेरफार, एवढाच कागदावरचा फरक.

आता वादाची गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या रस्त्यावर मात्र ती आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. यातल्या दोन अटी आपल्या भागाला नेमक्या आडव्या येतात.

पहिली, गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालणार नाही. हा निकष शहरातल्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून केला असावा, असे मला वाटते. खानापूर तालुक्यात जी जीप पन्नास वर्षे चालली, ती इंजिन बदलले म्हणून चालली. बदलले नसते तर १९८० मध्येच भंगारात गेली असती. त्यातही एक गंमत आहे. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या शब्दांनुसार परवानगी घेऊन बदल करता येत होता, आणि काहींनी रीतसर अर्ज करून आरसीवर 'डिझेल' लिहून घेतले. २००० च्या दुरुस्तीने तो दरवाजा अरुंद केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे स्पष्ट केले. परिणाम असा, की ज्याने प्रामाणिकपणे नोंद केली त्याच्या आरसीवरच फेरफाराचा पुरावा आहे. ज्याने कधीच कळवले नाही त्याची गाडी कागदावर अजून पेट्रोलवर चालते.

दुसरी अट 'पहिली नोंदणी' या शब्दांची. फौजेच्या गाडीच्या क्रमांकात वर टोक केलेला बाण असतो आणि कायद्यानेच तिची नोंद वेगळ्या अधिकाऱ्याकडे होते. समजा जोंगा १९७१ ची, लिलावात निघाली १९८८ मध्ये, आणि तेव्हा तिला आरटीओचा क्रमांक मिळाला. फौजेतली नोंद पहिली धरली तर पन्नास वर्षे २०२१ लाच भरली. आरटीओची धरली तर २०३८ ची वाट बघा. गाडी तीच, लोखंड तेच, वयात सतरा वर्षांचा फरक. माझे मत पहिल्या बाजूचे आहे, लपवत नाही. बाण रंगवलेल्या गाडीचे वय लिलावाच्या पावतीवरून मोजणे म्हणजे पोराचे वय शाळेत घातल्याच्या तारखेपासून धरण्यासारखे.

कागदांची आणखी एक गाठ फक्त सीमाभागाची. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच्या गाडीचे पहिले कागद मुंबईचे, पुढचे म्हैसूरचे, १९७३ नंतर कर्नाटकाचे, आणि २०१४ पासून गावाचे नावही 'बेळगावी'. जीप मात्र सीमेलगतच्या शिनोळी ते बेळगाव एवढ्याच टप्प्यात फिरलेली. आज चंदगडच्या पाहुण्याची एमएच ०९ पासिंगची जीप घेऊन बेळगावात ठेवायची, तर एनओसी आणून बारा महिन्यांनंतर केए २२ करून घ्यावी लागते, आणि त्या वेळी इंजिन नंबर तपासला जातो. पुष्कळ व्यवहार तिथेच मोडतात.

त्यामुळे इथल्या डिझेल जीपा साधी खासगी गाडी म्हणूनच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालतात. पंधरा वर्षांवरच्या गाडीसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. निदान त्या कागदावर शेताला आणि बाजाराला जाता तरी येते.