ट्रंपेटचा दम आणि ‘बिनदाब’ या शब्दाचा गुंता

ट्रंपेटवर छातीच्या आधी ओठ दमतात. व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या कळा, नसलेल्या जुन्या ट्रंपेटच्या काळात वरचे सूर वाजवणारे वेगळे आणि खालचे वाजवणारे वेगळे असत. एकोणिसाव्या शतकात व्हॉल्व्ह आले आणि हळूहळू सगळा भार एकाच वादकाच्या ओठांवर पडू लागला. पॅरिसमध्ये १८६४ साली निघालेल्या कॉर्नेटच्या (ट्रंपेटच्याच जातीच्या वाद्याच्या) पुस्तकात ओठ थकू लागताच थांबण्याची सूचना होती. त्यातले धडे आजही गिरवले जातात. ही सूचना मात्र मागे पडली, आणि नुकसान तिथेच झालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘बिनदाब’ पद्धतीचा, म्हणजे ट्रंपेट ओठांवर न दाबता वाजवण्याचा, बोलबाला झाला. हेतू चांगला होता, शब्दाने घोटाळा केला. माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या टोकाची, कड ओठांवर टेकलीच नाही, तर हवा बाजूने निसटते. १९८०च्या दशकात माउथपीसचा दाब मोजला गेला, तेव्हा मुरलेले वादकही उंच आणि मोठ्या सुराला जास्त जोर लावताना आढळले. म्हणजे ‘बिनदाब’ नव्हे, ‘बेताचा दाब’ म्हणायला हवं होतं. शब्दशः अर्थ घेणाऱ्यांचा सूर फुसका निघे. मग चिडून ते पुन्हा ट्रंपेट तोंडावर दाबत.

दाब वाढतो तो थकव्यामुळे. तोंडाच्या कोपऱ्यांचे स्नायू ढिले पडले की सूर खाली घसरतो, तो सावरायला हात ट्रंपेट ओढून घेतो, कडेखाली रक्त अडतं, ओठ सुजतो आणि सुरात नुसती हवा ऐकू येते. सूर काढणारा कंप मुख्यतः वरच्या ओठाचा, म्हणून भार खालच्या ओठावर ठेवायचा. दुखापत टोकाला गेली तर ओठाभोवतीचा स्नायू फाटतो. १९८२ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली.

त्यामुळे आता दमसासाचा रियाज विश्रांती मोजून करतात: पंधरा मिनिटं वाजवलं तर पंधरा मिनिटं ट्रंपेट खाली. एका धड्यानंतर तितकाच वेळ थांबायचं, माउथपीस ओठांवरून पूर्ण उचलायचा. तासाभराच्या सलग रियाजापेक्षा दिवसात तीन बैठका बऱ्या. वरातीत तासन्‌तास वाजवणाऱ्या बँडवाल्यांना ही सोय नसते. त्यांनी निदान सनई-क्लॅरिनेटच्या जागा आल्या की ट्रंपेट खाली घ्यावा. दुसऱ्या दिवशी ओठ कडक लागले तर उंच सूर टाळून खालचे लांब सूर हळू आवाजात धरायचे.