विळ्यावर तांबं चढतं तेव्हा

वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागांत डिंक्या रोगाला आवर घालायला झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. कालवायचं ते प्लास्टिकच्या ड्रमात, लोखंडी भांड्यात नाही. तयार झालं की लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडलाय.

मोरचुदातलं तांबं लोखंडाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि धातू होऊन पात्यावर बसतं. त्या बदल्यात लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. चुना पुरेसा असला की तांबं साक्यात अडकतं आणि विळा वाचतो. रसायनांच्या कारखान्यात टाक्यांना, नळ्यांना असंच काहीतरी चोवीस तास कुरतडत असतं.

तिथे वापरतात ते स्टेनलेस स्टीलही मुळात लोखंडच. पण त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, आणि त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर बसतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा धरतो. सोनं-प्लॅटिनम सोडलं, तर न गंजणाऱ्या बहुतेक धातूंचं सगळं भांडवल असा ऑक्साइडचा थरच.

मिठातलं क्लोराइड या थराचा वैरी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, बोअरचं पाणीच खारं. अशा पाण्यात स्टेनलेस सगळीकडून झिजत नाही. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि आत खोल उतरत जातात. वरून माल चकचकीत, म्हणून जास्त फसवा. अशा ठिकाणी साध्या ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं स्टील बरं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, तो या छिद्रांना आवर घालतो.

महाग धातू घेतला की काम झालं, असंही नाही. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाच्या टाकीत साठवतात, कारण आतून लोह सल्फेटचा थर धरतो. टाकीत पाणी शिरून आम्ल पातळ झालं, तर तीच टाकी खाल्ली जाते. म्हणजे कमी तीव्रतेचं आम्ल जास्त घातक!

टायटेनियमची तऱ्हा आणखी वेगळी. ओला क्लोरीन वायू ते मजेत सोसतं, कारण त्याचा ऑक्साइड थर टिकवायला थोडा ओलावा लागतो. कोरड्या क्लोरीनमध्ये मात्र ते पेटूही शकतं. म्हणून क्लोरीनच्या कारखान्यात ओल्या वायूला थंड करायला टायटेनियम, आणि वायू वाळवला की पुढे साध्या पोलादाची नळी.