मालट्रकांमधील अनुगमन अंतर : बेळगाव सीमाभाग

एकामागोमाग धावणाऱ्या दोन वाहनांपैकी पुढच्याच्या मागील टोकापासून मागच्याच्या पुढील टोकापर्यंत जी मोकळी जागा राहते, तिला अनुगमन अंतर म्हणतात. पुढचे वाहन एकाएकी थांबले तरी मागचे त्यावर न आदळता थांबू शकेल इतके हे अंतर असावे, अशी अपेक्षा असते. ते त्याहून कमी ठेवून पुढच्या गाडीच्या बुडाला लागून ट्रक हाकण्याचा प्रकार सर्वच महामार्गांवर आढळतो. प्रस्तुत नोंदीत कर्नाटकाच्या बेळगाव (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्यातून आणि त्याला लागून असलेल्या सीमाभागातून जाणाऱ्या रस्त्यांपुरता त्याचा विचार केला आहे.

या भागातील मुख्य रस्ता म्हणजे पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग. 2010 च्या फेरक्रमांकनापूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग 4 होता. आता तो 48 आहे. सुवर्ण चतुष्कोन योजनेत त्याचे चौपदरीकरण झाले आणि पुढे सहापदरीकरणाची कामे हाती घेण्यात आली. कागल सोडल्यावर कोगनोळीजवळ राज्याची हद्द लागते. तेथून निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी घाट, काकती, बेळगाव, हलगा, हिरेबागेवाडी आणि कित्तूर या क्रमाने रस्ता धारवाडकडे जातो. कोगनोळी, हत्तरगी व हिरेबागेवाडी येथे टोलनाके आहेत. बेळगावहून खानापूर, लोंढा व अनमोड घाटमार्गे गोव्याला जाणारा जुना 4-ए क्रमांकाचा (आता 748) रस्ता आणि चोर्ला घाटाचा रस्ता हे दुय्यम मार्ग असून, चोर्ल्यातील अवजड वाहतुकीवर वेळोवेळी निर्बंध घातले जातात.

नियमाचा उगम : वाहनांत अंतर राखावे हा सामान्य व्यवहारातील संकेत मोटारीइतकाच जुना असावा, त्याला मापाचे रूप केव्हा मिळाले, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. एक परंपरा लांबीच्या मापाची आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहनसंहितेत ताशी दर 10 मैल वेगामागे एका मोटारीच्या लांबीइतकी जागा सोडावी, असे सुचविले होते आणि लुई पाइप्स या अमेरिकन अभ्यासकाने 1953 मध्ये वाहनांच्या अनुगमनाचे जे गणिती प्रतिमान मांडले त्याचा आधार हाच संकेत होता. दुसरी परंपरा वेळेच्या मापाची. रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशी पुढचे वाहन पोहोचल्यापासून त्याच खांबापाशी आपण पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद जावेत, असा तिचा आशय असून ब्रिटनच्या महामार्ग संहितेमुळे ती सर्वत्र परिचित झाली. ओल्या रस्त्यावर हे अंतर किमान दुप्पट आणि बर्फाळ रस्त्यावर दहापटीपर्यंत वाढवावे, असे ती संहिता सांगते. दोन्ही नियम एकच गोष्ट सांगतात, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तंतोतंत खरे नाही. मोटारीची लांबी 15 ते 20 फूट धरली, तर लांबीच्या नियमाने मिळणारी मोकळीक सुमारे 1 ते 1.4 सेकंद इतकीच भरते, म्हणजे दोन सेकंदांच्या नियमाहून ती बरीच कमी असते. याउलट लांबीचे एकक म्हणून सुमारे 11 मी. लांबीचा मालट्रक घेतला, तर तोच नियम जवळजवळ अडीच सेकंदांवर जातो. ट्रकचालकांना लांबीचा नियम शिकवताना एकक कोणत्या वाहनाचे, हे स्पष्ट करणे म्हणूनच आवश्यक ठरते. ते बहुधा केले जात नाही.

भारतीय नियमाच्या मुळाविषयीही दोन मते संभवतात. 1989 च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या विनियमांतील 23 व्या विनियमानुसार, पुढील वाहनाचा वेग अचानक मंदावला किंवा ते थांबले तर टक्कर टळेल इतके ‘पुरेसे अंतर’ मागील वाहनाच्या चालकाने राखले पाहिजे. मोटार कायद्याचा एकूण साचा ब्रिटिश वळणाचा असल्यामुळे हा विनियमही तेथूनच आला असावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ब्रिटिश संहिता सेकंद व मीटर यांत बोलते. ‘पुरेसे अंतर’ ही मोघम रचना 1968 च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराच्या 13 व्या अनुच्छेदाशी जवळपास शब्दशः जुळते. तेव्हा करारातून विनियमात हा मजकूर आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 2017 मध्ये मोटार वाहन (चालन) विनियमांनी 1989 च्या विनियमांची जागा घेतली. अंतर राखण्याचे बंधन त्यांतही कायम आहे.

अंतराचे गणित : अनुगमन अंतर किती असावे हे दोन वेगळ्या गृहीतांवरून काढतात. पहिल्या गृहीतात पुढचे वाहन भिंतीला धडकल्याप्रमाणे जागच्या जागी थांबते, असे मानतात. अशा वेळी मागच्या वाहनाला संपूर्ण थांबण्याचे अंतर लागते. भारतीय रोड काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरविणाऱ्या संस्थेच्या मानकात चालकाच्या आकलनासाठी व प्रतिसादासाठी 2.5 सेकंद धरून ताशी 80 किमी. वेगाला हे अंतर सुमारे 120 मी. व 100 किमी. वेगाला सुमारे 180 मी. दिले आहे, मात्र ते रस्त्याची आखणी करण्यासाठी आहे, दोन वाहनांमधील अंतरासाठी नव्हे. दुसऱ्या गृहीतात पुढचे वाहनही ब्रेक लावूनच थांबते आणि म्हणून मागच्या चालकाचा प्रतिसादकाल व दोन्ही वाहनांच्या ब्रेक-अंतरांतील फरक एवढेच मोजावे लागते. प्रत्यक्ष वाहतुकीला दुसरे गृहीत अधिक लागू पडते. पण दोन्ही वाहने सारख्याच क्षमतेची आहेत असे मानून दोन सेकंद पुरेसे ठरविणे मालट्रकांच्या बाबतीत चुकीचे आहे. उदाहरणादाखल, पुढे मोटार व मागे भरलेला ट्रक असून दोघांचा वेग ताशी 80 किमी. आहे असे समजू. मोटारीचा वेग दर सेकंदाला 7 मी. प्रतिसेकंद या दराने आणि ट्रकचा 4.5 या दराने घटत असेल, तर मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे 35 मीटरांत व ट्रक सुमारे 55 मीटरांत थांबतो. चालकाचा प्रतिसाद दीड सेकंद आणि नळ्यांतून हवेचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचण्यास लागणारा अर्धा सेकंद मिळून आणखी 44 मी. जातात. म्हणजे सुरक्षित अंतर 64 मीटरांच्या आसपास, अर्थात तीन सेकंदांना जेमतेम कमी येते.

मालट्रकांवर मुख्यतः हवेच्या दाबाचे ड्रम ब्रेक असतात. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, ब्रेकच्या दांड्याला जास्त सरकावे लागते व पकड सैल होते. तवंदीचा किंवा वंटमुरीचा उतार संपताना चाकांजवळ येणारा जळका वास त्याचीच खूण असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांमधील जुना पाठ या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरणारा चालक इंजिनाची रोखशक्ती गमावतो आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो. 2015 पासून नव्या अवजड वाहनांत चाके जाम न होऊ देणारी ब्रेक प्रणाली (एबीएस) आवश्यक करण्यात आली. तिच्यामुळे गाडी सरकून आडवी होणे टळते. थांबण्याचे अंतर लक्षणीयरीत्या घटते, असे समजू नये. 2018 मध्ये अनुज्ञेय अक्षभार (प्रत्येक आसावर येणारा भार) वाढविण्यात आल्यावर तीन आसांच्या ट्रकचे कमाल भारित वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. वजन वाढले की ब्रेकने शोषायची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते.

कारणमीमांसा : ट्रकचालक अंतर का सोडत नाहीत, याची दोन स्पष्टीकरणे मुख्यतः दिली जातात. पुढच्या ट्रकच्या आडोशाने हवेचा विरोध घटून डिझेल वाचते, हे पहिले. यात तथ्य असले, तरी हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ताशी 50–60 किमी. वेगाने चालणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या इंधनाचा मोठा हिस्सा टायरांच्या घर्षणावर व चढावर खर्च होतो. युरोपातील मोटरवेवरून घेतलेला हा खुलासा निपाणी–बेळगाव टप्प्याला फारसा लागू पडत नाही. दुसरे स्पष्टीकरण पुढे निघण्याच्या, म्हणजे ओव्हरटेकच्या तयारीचे असून तेच येथे अधिक पटते. तवंदीच्या चढाला भरलेला ट्रक खालच्या गिअरवर आला की गेलेला वेग परत मिळविणे अवघड असते. त्यामुळे मागचा चालक वेग सोडायला नाखूश असतो, पुढच्या ट्रकच्या मागील फळीपासून काही हातांवर येऊन डिपर मारतो आणि साइड मिळण्याची वाट पाहत तसाच चढत राहतो. दोघांच्या वेगांत ताशी दोन-तीन किलोमीटरांचा फरक असल्याने ही अवस्था पुष्कळ वेळ टिकते आणि दरम्यान त्यांच्या मागे तिसरा व चौथा ट्रक येऊन लागतात. पुढच्या ट्रकचा हौदा अथवा ताडपत्री यांखेरीज मागच्याला काही दिसत नाही. चालकाची केबिन उंच असल्याचा लाभ मोटारीमागे होतो, ट्रकमागे नाही.

याला जोड मिळते ती मिश्र वाहतुकीची. डाव्या लेनमध्ये दुचाकी, गावच्या फाट्यावर उभ्या बसगाड्या, उलट्या दिशेने येणारी वाहने आणि शेतीची अवजारे असतात. म्हणून अवजड ट्रक दुभाजकालगतची उजवी लेन धरतात आणि जलद वाहनांना त्यांच्या मागे साठावे लागते. चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी व निपाणी हा ऊसपट्टा आहे. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या कारखान्यांकडे जाण्यासाठी महामार्गाच्या काही टप्प्यांवर येतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना व मागे उसाचे वाढे लोंबत असल्याने मागील दिवा असलाच तरी झाकला जातो आणि रिफ्लेक्टरवर धुळीचा थर असतो. ताशी 60 किमी. वेगाने पुढच्या ट्रकला चिकटून येणाऱ्या चालकाला, पुढच्याने ट्रॉली चुकविण्यासाठी एकाएकी लेन बदलली की ती थेट समोर दिसते. मोकळे अंतर टिकवणाऱ्या ट्रकपुढे मोटारी व दुचाकी घुसतात, ही चालकांची तक्रारही खोटी नाही. सोडलेली जागा दुसऱ्याने घेतल्यास पुन्हा मागे राहून ती नव्याने सोडण्याचा संयम भाड्याच्या व वेळेच्या दडपणाखालील चालकाकडून क्वचितच अपेक्षिता येतो.

टोलनाक्यांवरील रांगा आणि रुंदीकरणाच्या ठिकाणचे वळणरस्ते ही आणखी दोन ठिकाणे. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग अनिवार्य झाल्यावर रांगा कमी झाल्या, तरी लेन निवडण्यासाठी शेवटच्या क्षणी होणारी गाड्यांची तिरपी हालचाल कायम आहे. पावसाळ्यात खानापूर–बेळगाव भागात ओल्या रस्त्यामुळे टायरांची पकड कमी होते. हिवाळ्यात पहाटे धुके असल्यास चालक अंतर वाढविण्याऐवजी पुढच्या गाडीचे तांबडे दिवे धरून जाणे पसंत करतात. रस्त्याच्या कडेला बंद पडलेला ट्रक हा प्रकार अनुगमनात मोडत नसला, तरी त्यामागे फांदी व दगड ठेवण्याची रीत येथे सर्वत्र असून, गाडी दुरुस्त होऊन निघाल्यावर दगड तसेच रस्त्यात राहतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशभरातील 4,61,312 अपघात व 1,68,491 मृत्यू नोंदले असून, मागून धडक या प्रकाराचा वाटा एकूण अपघातांच्या सुमारे एक पंचमांश आहे.

कायदेशीर बाजू : केंद्र शासनाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजित महामार्गावर मालवाहनांची कमाल वेगमर्यादा ताशी 80 किमी. आहे. अंतर न राखल्याबद्दल 1988 च्या मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 177-अ कलमाखाली चालन विनियमांच्या भंगास 500 ते 1,000 रुपये दंड होऊ शकतो. धोकादायक वाहन चालविण्याचे 184 वे कलम अधिक कडक असून त्यात पुढच्या वाहनाला चिकटून चालविण्याचा नावानिशी उल्लेख नाही. तुलनेसाठी पाहता, जर्मनीत 3.5 टनांहून जड मालवाहनांनी ऑटोबानवर ताशी 50 किमी.पेक्षा अधिक वेगात किमान 50 मी. अंतर राखावे असा आकड्यातला नियम आहे, तर ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2013 पासून या वर्तनास जागच्या जागी 100 पौंड दंड करण्याची तरतूद झाली. आकडा नसल्याने भारतात पोलिसांना वेगाप्रमाणे अंतर सिद्ध करणे कठीण जाते. साहजिकच हा प्रश्न रस्त्यावर कमी आणि अपघातानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अधिक येतो.

‘पुरेसे अंतर’ म्हणजे किती, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात विचारात घेतले. त्या प्रकरणी ट्रक पुढे व मोटार मागे असून दोहोंत 10 ते 15 फुटांचे अंतर असल्याचे पुराव्यात आले होते. ‘पुरेसे अंतर’ याची व्याख्या विनियमांत नाही, हे नोंदवून न्यायालयाने आदर्श परिस्थितीत दोन ते तीन सेकंदांचे अंतर हा ढोबळ नियम मानला आणि निष्काळजीपणा मागील वाहनाच्या चालकाकडे लावला. ताशी 60 किमी. वेगाला 10 ते 15 फूट म्हणजे सेकंदाचा सुमारे चौथा भाग किंवा त्याहून कमी. तीन सेकंदांना सुमारे 50 मी. लागतात. केए-22, केए-23 किंवा एमएच-09 क्रमांकाच्या दोन ट्रकांमध्ये तवंदीच्या चढाला ही जागा शोधली, तर ती फार थोड्या वेळा सापडेल. निकालातील मोटारीची जागा मालट्रकाने घेतली असता दोन सेकंदांऐवजी तीन सेकंदांची बाजू धरणे, वर दाखविलेल्या ब्रेकच्या हिशेबाशी अधिक सुसंगत ठरते.