मन उठत नाही की अंग उठत नाही?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचे हात बघा. पाय चालू झाले की हात आपोआप मागं-पुढं होतात. आमच्या मामांचे मात्र अंगालगत टांगल्यासारखे राहायचे. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सुरू होऊन दोनेक महिने झाले होते. कानातले आवाज थांबलेले. गल्लीत बोललं जायचं, "बरे झाले, पण आळशी झालेत."

या 'आळसा'मागं दोन निराळी कारणं असू शकतात आणि वरून बघितलं तर ओळखू येत नाहीत. दोन्हींत चेहरा कोरा, बोलणं तुटक, चाल मंद.

एक कारण आजारच. त्यात उठावं, अंघोळ करावी, चार माणसांत बसावं ही इच्छाच आटते. डॉक्टर याला 'नकारात्मक लक्षणं' म्हणतात. नाव जरा फसवं आहे; वाईट विचारांशी त्याचा संबंध नाही, जे असायला हवं ते उणं झालंय एवढाच अर्थ.

दुसरं कारण गोळ्या. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. हालचाल सुरू करणं, तिला वेग देणं यात त्यांचा मोठा वाटा, आणि त्यासाठी त्यांना डोपामिन हे रसायन लागतं. या आजारावरची बहुतेक औषधं पेशीवर डोपामिन जिथं चिकटतं तीच जागा, म्हणजे डी-२ ग्राही, अडवतात. साधारण ६५ टक्के अडले की भास कमी होऊ लागतात. ८० टक्क्यांच्या पुढं गेलं की अंग ताठरण्याचा धोका वाढतो. मधली पट्टी किती अरुंद आहे बघा! हे ताठरणं दिसायला पार्किन्सनसारखंच, म्हणजे कंपवातासारखंच.

डॉक्टरांनी मामांचं मनगट धरून कोपरातून हात हलवला, तर तो दातेरी चाकासारखा अडत-अडत वाकला. पासबुकाशी ताडली तर सही बारीक झालेली. कप बशीवर वाजायचा. नुसती इच्छा आटलेल्या माणसाचा हात असा अडत नाही. मामा स्वतःच म्हणाले, "मनात हाय रं, पण अंगच उचलत न्हाई."

पण म्हणून सगळं खापर गोळ्यांवर फोडू नका. कालबाऊम या जर्मन डॉक्टरांनी गोठल्यासारख्या बसून राहणाऱ्या रुग्णांचं, म्हणजे कॅटाटोनियाचं, वर्णन १८७४ साली केलं. या आजारावरचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, आलं १९५२ मध्ये. कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांतही हालचालींचे दोष सापडतात.

"एकदा एमआरआय काढूया की," हे घरोघरी ऐकू येतं. १९७६ साली लंडनच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनवर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या होत्या, पण तो फरक गटागटांतला. शिवाय जुन्या औषधांनी बेसल गँग्लियाचा आकारच वाढतो. एका माणसाच्या फोटोवरून आजाराचं किती नि औषधाचं किती, हे कसं सांगणार?

तोंड सतत चघळल्यासारखं हलतं, जीभ वळवळते, ते प्रकरण वेगळं. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्यावर येणारं. आपल्याकडं त्याला तंबाखू समजतात. ताठरपणावर देतात ती ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी त्यात उलट त्रास वाढवू शकते.

मामांचा डोस डॉक्टरांनी हळूहळू उतरवला. घरच्यांनी परस्पर बंद केला असता तर आवाज परतू शकले असते. आता कप वाजत नाही, रंकाळ्यावर हातही हलतात. अंघोळीला मात्र मामी अजून तीनदा हाक मारते.